घटीचा रकाना

भट्टीमास्तर जावयाला पाण्यात पाहत, आणि ते लपवायची तसदी त्यांनी सहा वर्षांत एकदाही घेतली नव्हती. मुलीने लग्न ठरवलं तेव्हा मुलगा समोर बसलेला असतानाच त्यांनी विचारलं होतं, हा करतो काय? हवा तापवणारा वायू कुठून किती निघतो, ते मोजणाऱ्या कचेरीत आहे, असं मुलीने सांगितलं. "म्हणजे रिकामटेकडा," असं म्हणून मास्तर जेवायला उठले.

आता तोच रिकामटेकडा सिमेंटच्या कारखान्यात, त्यांच्याच भट्टीसमोर वही घेऊन उभा होता. कारखान्याचा एकूण वायू ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर दोन भट्ट्यांपैकी जुनी कायमची विझवायची, असा वरून हुकूम होता. जुनी म्हणजे मास्तरांची. एकतीस वर्षं त्यांनी तिची आच सांभाळली होती. ज्वाळेच्या रंगावरून आतला दगड कितपत भाजलाय ते सांगत, यंत्राचा आकडा मागाहून येई. बायको अंथरुणाला खिळलेली असतानाही त्यांनी एक पाळी चुकवली नव्हती. याचं त्यांना भूषण वाटे. मुलीला कधीच वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुटला. जगात वीजघरं आहेत, मोटारी आहेत, विमानं आहेत, अहो, गाईगुरंसुद्धा रवंथ करताना वायू सोडतात, मग आमच्याच उंबऱ्यावर कशाला आलात? जावई म्हणाला, तिकडेही कोणी ना कोणी गेलंय. शंभरातला सात-आठ वाटा एकट्या सिमेंटचा आहे, म्हणून इथे मी. त्याचा तो थंडपणा मास्तरांच्या डोक्यात गेला. त्यांनी त्याला साधं पाणीही विचारलं नाही.

मग सलग तीन दुपारी केबिनचं दार लावून मास्तरांनी नव्या रजिस्टरात तीन महिन्यांची पानं पुन्हा उतरवली. वायू धुरातून जातो आणि धूर कोळशाचा, एवढं त्यांचं ज्ञान. तेव्हा कोळशाच्या प्रत्येक आकड्याला त्यांनी कात्री लावली. बाकीचे रकाने जसेच्या तसे: दगड किती गेला, भाजलेले खडे, म्हणजे क्लिंकर, किती निघाले, आणि शेवटी 'घट'. टनभर क्लिंकरला दीड टन दगड लागतो. मधला अर्धा टन म्हणजे घट. भट्टीवर आलेला प्रत्येक जण हा शब्द पहिल्या आठवड्यात शिके, पण ती घट जाते कुठे, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. मास्तरांनी तो रकाना तर खास वळणदार अक्षरात भरला.

आठवड्याने जावयाने ते रजिस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"कोळशाचे आकडे खोटे आहेत, बाबा. तीन महिने एकाच पेनाने कोण लिहितं?"

"सिद्ध करून दाखवा."

"गरजच नाही. तुमचा कोळसा खरा धरला तरी कारखाना मर्यादेबाहेर जातो." त्याने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ही घट. चुनखडीचा दगड तापला की त्याच्या पोटातला वायू सुटतो. इथला निम्म्याहून जास्त वायू दगडातून येतो, आगीतून नाही. मी हेच मोजायला आलो होतो. तुम्ही रोज लिहून ठेवलंत, किलोपर्यंत."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, त्यांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. हे आधी का नाही सांगितलं, असं ते कसंबसं म्हणाले.

"सहा वर्षांपूर्वी सांगायलाच बसलो होतो. तुम्ही जेवायला उठलात." जावई दाराशी थांबला. "खोट्या आकड्यांचं मी वर कळवत नाही. ते तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी."

ही मेहेरबानी मास्तरांना शिवीपेक्षा जास्त झोंबली. मुलीने त्या आठवड्यात चार वेळा फोन केला, त्यांनी एकदाही उचलला नाही.

भट्टी विझली त्या दिवशी रजिस्टरचं शेवटचं पान दोघांच्या सहीने बंद व्हायचं होतं. मास्तरांनी ते सावकाश भरलं. दगड, शून्य. कोळसा, शून्य. क्लिंकर, शून्य. घटीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मुलगी एक, जावई एक. खाली सही ठोकली आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

जावयाने ते दोनदा वाचलं. मग आकडा बरोबर आहे म्हणाला, आणि सही केली.