स्प्रिंगपुढची कडी

मूर्ख म्हणायचं तर खुशाल म्हणा, मी स्वतःला ते आधीच म्हणून बसलोय. फक्त चहा संपेपर्यंत ऐकून घ्या.

मी बँकेतला निवृत्त गार्ड. गोंडपिपरीकडच्या आमच्या खेड्यात बारा बोरची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक एकट्या माझ्याकडे. काडतूस उडालं की धक्क्याने नळी मागे येते, आतली जाडजूड स्प्रिंग तिला परत पुढे ढकलते आणि दुसरं काडतूस आपोआप जागेवर!

बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पुण्यात. घरात मी आणि बंदूक. पण धानात रानडुकरं शिरली की माझा फोन वाजतो, "भाऊ, एक आवाज काढून द्या जी!" डुक्कर नाही तर फोन नाही. खरं सांगतो, त्या डुकरांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तर निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवानावाल्यांनी बंदुका ठाण्यात नेऊन जमा करायच्या. मुदतीचा शेवटचा दिवस उद्या, आणि माझी स्प्रिंग मेलेली! नळी मागे गेली की तिथेच रुसून बसायची. म्हटलं, अशी लंगडी बंदूक नेली तर हवालदार 'नादुरुस्त' लिहील, पुढे परवाना अडकेल. परवाना गेला तर मला फोन करणार कोण?

नवी स्प्रिंग नागपूरहून आणून ठेवली होती. दुपारी जेवून बसलो. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, पुढची टोपी फिरवली, नळी ओढली आणि... टण्ण! जुनी स्प्रिंग थेट छपराच्या कवेलूंवर, तिथून तांदळाच्या पोत्यावर, तिथून मोरीत. ती गेली तर गेली हो! पण तिच्यापुढे एक लोखंडी कडी असते, धक्का सोसणारी. ती कुठे?

मी बाजेखाली शिरलो. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या सुशीलाबाई दारात आल्या. आता त्यांना काय दिसलं असेल? बाजेखालून आलेले दोन पाय, आणि शेजारी बंदूक. बाई ज्या किंचाळत सुटल्या, त्या पार चावडीपर्यंत!

पाच मिनिटांत अर्धं गाव हजर. माझ्या वावराशेजारचा मारोती तर बैलबंडी जुंपून आला. चौघांनी पाय धरून मला बाहेर ओढलं.

"कुठी लागली भाऊ? कुठी लागली?"

"अरे, जिवंत आहे मी! कडी हरवली, बंदुकीची कडी!"

"म्हंजे काईच नाई झालं?" मारोती जरा हिरमुसलाच. "मी बंडी जुंपून आणली न जी!"

पण आलेच होते, तर सगळे शोधायला लागले. पोती हलवली, मोरी उपसली, एकाने कवेलूंवर चढून चार कवेलू फोडले. बायांनी घर झाडलं. कोणीतरी माझी भांडीसुद्धा घासून टाकली. मी चहा ठेवला. चौदा माणसं! हिच्या तेरवीनंतर या घरात एवढा आवाज पहिल्यांदाच होत होता.

चहा उकळेपर्यंत म्हटलं, बंदूक पुसून ठेवू. पुसतो तर काय? स्प्रिंगच्या जागेच्या पार मागे, काळ्या वंगणात चिकटून, कडी जागच्या जागी! हलकी काडतुसं वापरायची असली की ती कडी पुढून काढून मागे बसवतात. मीच बसवली होती. उभी नोकरी मी हे इतर गार्डांना शिकवलं!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? "सापडली!" म्हणून ओरडला असता. मी त्यावर फडकं टाकलं आणि म्हणालो, "कोठीमागे पाहिलं का रे?"

दोन तास शोधायला लावलं त्यांना. तिसरा चहा ठेवला. शेवटी घाम पुसता पुसता सुशीलाबाईंनी नेमकं तेच फडकं उचललं.

"भाऊ, हे काय होय?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. म्हणालो, "तीच. मघाशीच सापडली होती."

"मंग सांगतलं काऊन नाई?" मारोती भडकला. "आमी इथी मोरीत हात घालून राह्यलो!"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

कोणी हसलं नाही. मला वाटलं हसतील, तेवढंच बरं वाटलं असतं.

"एवढंच होतं तं चहाले बोलवाचं न," सुशीलाबाई म्हणाल्या.

"कोण आलं असतं?"

"बोलावून तं पाहाचं होतं! चार वर्सं झाली, बाई गेल्यापासून तुमी आमच्यासंगं आपणहून एक सबद तरी बोलले काय?"

हे मात्र मला लागलं. म्हटलं, हा सरळसरळ आरोप आहे! मी कसून आठवायला लागलो. आणि आठवलं की! गेल्या पोळ्याला मारोती बैल घेऊन दारात आला होता, तेव्हा मी आपणहून बोललो होतो.

"बैल तिकडे उभे कर," म्हणालो होतो, "अंगण आत्ताच झाडलंय."