गुलाबाच्या आळ्यातली पेंड

"पार्व्होचा आजार नाही," नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "लसी झाल्यात, टेस्टही निगेटिव्ह आली. मला हे पॉयझनिंग वाटतंय. विषबाधा. तुमच्या बागेत काय काय आहे?"

टेबलावर आमची चिंगी आडवी पडली होती. गावठी कुत्री, तांबूस रंगाची, परक्या माणसाला अंगाला हात लावू न देणारी. आता पायात सुई गेली तरी तिनं मान उचलली नाही.

मी झाडं आठवून सांगू लागले. कुंपणाला कण्हेर आहे, म्हटल्यावर मॅडमनी पटकन विचारलं, "पानं चावली का?" तिथं ती जातही नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बरं, खत कुठलं घालता?"

माझ्या मागे माझे सासरे उभे होते. त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते हळूच म्हणाले, "गुलाबाला यरंडीची पेंड घातलीय. परवाच."

मॅडम लिहायच्या थांबल्या. "आळं उकरलेलं होतं का?"

उकरलेलं होतं. मी आदल्या दिवशी सकाळी ते पायानं सारखं केलं होतं आणि विसरून गेले होते.

"पन मॅडम, ती तर सेंद्रिय हाय," दादा म्हणाले.

"झाडाला चांगलीच आहे, आजोबा. पण एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं. तेल काढलं तरी ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. आणि पेंडीचा वास कुत्र्यांना फार आवडतो."

त्याच दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मला वाटलं होतं, कुठंतरी उकिरड्यावर काहीबाही खाल्लं असेल. शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं. मी पाजलं नाही, पण वाटीभर दूध ठेवलं. तिनं ते हुंगलंही नाही. अशा वेळी घरगुती उपाय करू नका, असं मॅडमनी नंतर बजावलं. जबरदस्तीनं काही पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौचात रक्त दिसलं. आम्ही तिला कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "डीहायड्रेशन झालंय, अंगातलं पाणी संपत आलंय. इथं गाई-म्हशींची सोय आहे, हिला नगरला न्या. आत्ताच निघा," ते म्हणाले. माझे मिस्टर पुण्याला नोकरीला, म्हणून गाडी मीच काढली. दादा मागे चिंगीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मिरजगावपर्यंत ती कण्हत होती. पुढं तिचा आवाज बंद झाला, तेव्हा मला आरशात बघायचा धीर होईना.

"याच्यावर औषध काय?" मी मॅडमना विचारलं.

"अँटीडोट नाही. म्हणजे विष उतरवणारं असं औषध नाही. सलाईन देत राहायचं, उलट्या थांबवायच्या, लिव्हर आणि किडनीवर लक्ष ठेवायचं. बाकी तिच्या शरीरानं साथ दिली पाहिजे."

मग वाट बघणं सुरू झालं. आम्ही नगरला माझ्या बहिणीकडे मुक्काम केला आणि दवाखाना उघडला की येऊन बसायचो. दादा पिंजऱ्यासमोरच्या बाकावरून उठत नव्हते. सासूबाई गेल्यावर घरात ते जे काही बोलायचे, ते या कुत्रीशी बोलायचे. गुलाबही त्यांनीच लावलेले. मी डबा उघडून पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

"ज्योती, म्या माझ्या हातानं घातलं तिला इख."

"तुम्ही झाडाला घातलं, दादा. तुम्हाला काय माहीत?"

"पोतं वाचून आनलं हुतं गं. त्याच्यावर कायबी लिवलेलं न्हवतं."

मॅडम सलाईन बदलत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पेंडीचं सांगितलं म्हणून मला दिशा मिळाली. लोक लपवतात. कुणी रागवेल म्हणून सांगत नाहीत, आणि आम्ही अंधारात औषध देत बसतो."

दादांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. मग त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली.

रक्ताचा दुसरा रिपोर्ट पहिल्याहून वाईट आला. लिव्हरचे आकडे चढले होते. मॅडमनी त्या दिवशी आम्हाला कसलीच आशा दिली नाही, खोटीही नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. त्यानंतर मात्र उलट्या थांबल्या. एका सकाळी दादांनी ओंजळीत पाणी धरलं, तशी चिंगीनं जीभ बाहेर काढली. दोन-तीनदाच चाटलं असेल. दादा ओली ओंजळ तशीच धरून बसले.

घरी आल्यावर बरेच दिवस भाताची पेज आणि औषधं चालली. अजून तिला तेलकट सोसत नाही.

गुलाबाची माती आम्ही खणून काढली आणि खोल खड्ड्यात पुरली. आता तिथं कुजलेलं शेणखत घालतो. कण्हेर ठेवली आहे, पण छाटलेली फांदी अंगणात पडू देत नाही. तुमच्या घरी कुत्रं असेल तर एकदा त्याच्या उंचीवरून बाग बघा. कुंडीतलं, आळ्यातलं, उकरता येईल असं काय आहे ते तपासा. आणि उलट्या होऊ लागल्या तर दिवस घालवू नका. मी घालवला होता.

परवा दादांबरोबर बियाणं आणायला खताच्या दुकानात गेले होते. शेवग्याच्या रोपांसाठी एक माणूस एरंडीची पेंड मागत होता. दादा त्याच्याजवळ गेले.

"पाव्हनं, घरी कुत्रं हाय का?"

तो हसला. "हाय की. का, चावलं का काय तुमाला?"

दादा हसले नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसत त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाले, "बसा जरा. सांगतो."