काकांचं नाक

नाकावर माशी बसू न देण्याचा पगार मिळणारे माझे काका हे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ. एका संशोधन संस्थेच्या काचघरात ते टोमॅटोची रोपं सांभाळतात. एका रोपाला अळी लागली की ते हवेत वास सोडतं. शेजारचं रोप त्यावरून काय ते समजतं आणि अळी यायच्या आत आपली पानं कडू करून बसतं. या गप्पांत व्यत्यय नको म्हणून काचघरात साबण, तेल, पावडर, कशाचाच वास चालत नाही.

नियम काचघरापुरता होता, काकांनी तो घरी आणला. काकू बिचारी कांदासुद्धा गॅलरीत परतायची, तोही दार लावून. वर येणाऱ्याजाणाऱ्याला काकांचं ऐकवणं चालूच, "झाडं एकमेकांना वेळेवर सांगतात हो. माणसांना तेवढं जमत नाही."

मागच्या वर्षी संध्याकाळी घरात मोगऱ्याचा वास येऊ लागला. ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, कामावरून परतली की हमखास. काकांनी तपास लावला आणि खालच्या बाईंची मोगऱ्याची कुंडी जिन्यातून हलवायला लावली. मग गुलाबाचा वास आला, तेव्हा समोरच्यांचा गुलाब गच्चीवर गेला. चंदनाचा आला तेव्हा काका शेजाऱ्यांचं नवं कपाट हुंगून आले. साप सोडून भुई धोपटणं चाललं होतं नुसतं. ताईचं अत्तराच्या दुकानातल्या मुलावर मन बसलंय, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. वडिलांच्या नकाराच्या धास्तीने ती वाळत चालली होती आणि मला काकांचा भयंकर राग यायचा.

शेवटी एका रविवारी तिने माझ्यादेखत हिय्या केला. "बाबा, मी त्याच्याशीच लग्न करणार. तुम्ही नाही म्हणालात तर कुणाशीच नाही."

काका काकूकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"आले होते की सांगायला. तुम्ही म्हणालात, जरा लांबून बोल, कांद्याचा वास येतोय."

काकांचा चेहरा पडला. मग ताईला हळूच म्हणाले, "बोलाव त्याला. भेटतो मी."

"तो मघापासून दाराबाहेर उभा आहे, बाबा," ताई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला वास आला असेल."