बळीची ओळ

भाताच्या पानावर करपा पडला की ठिपके उमटतात ते डोळ्याच्या आकाराचे. दोन्ही टोकांना निमुळते, कडा तपकिरी, मध्ये राखाडी बुबुळ. चेन्नईबाहेरच्या आमच्या संशोधन शेतावर हे डोळे मी स्वतःच उमटवत असे. रोगट पानं पाण्यात वाटायची, ते पाणी संध्याकाळी रोपांवर फवारायचं आणि वर प्लॅस्टिक ओढायचं. आठवड्याने त्या दमट, गप्प वाफ्यात शिरलं की शेकडो जण रोखून बघताहेत असं वाटे. एवढी शिकलेली मी, पण तिथे एकटीने जायची मला भीती वाटायची, हे कबूल करते.

आठ वर्षं खपून मी करप्याला दाद न देणारा एक वाण तयार करत आणला होता. ही शेवटची चाचणी. तो टिकला तर शेतकऱ्यांकडे जाणार, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. चाचणीत शेजारी आम्ही एक ओळ मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची पेरतो. ती मेली, तरच रोग खरोखर पसरला असं मानायचं. दरवर्षी ती इमानेइतबारे मरत असे.

पेरणी करायचे आमचे म्हातारे मदतनीस. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेलं मराठी घराणं, बोलणं जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं. मी त्यांना काका म्हणे. महिन्याभरात ते निवृत्त होणार होते.

त्या मार्गळीत, इथल्या थंडीच्या महिन्यात, दव भरपूर पडत होतं, करप्याला हवं तसं. आठव्या दिवशी सकाळी मी वाफ्यात शिरले. माझी ओळ डोळ्यांनी भरून गेली होती. आणि बळीची ओळ हिरवीगार, ताठ उभी. स्मशानात पोचवलेलं माणूस दारात उभं दिसावं, तसं झालं मला.

"बियांची पाकिटं बदलली का हो?" मी ओरडलेच.

"नाही बाई." काकांनी मान खाली घातली. "वाण तोच. बी माझ्या घरचं."

बळीच्या ओळीसाठी ऑफिसात ठेवलेल्या बियाला कीड लागली होती. मला सांगितलं तर मी आकांडतांडव करीन, म्हणून त्यांनी गुपचूप घरचं आणून पेरलं. माझ्या रागाची कीर्तीच तशी होती.

"तुमच्या घरी कुठून आलं?"

"येऊन पाहा."

त्याच दुपारी त्यांच्या मागोमाग चेन्नईतल्या मांबलम स्टेशनात उतरले. त्यांच्या इमारतीची गच्ची रंगाच्या रिकाम्या डब्यांनी भरली होती आणि डब्याडब्यात भात. पानांवर तेच डोळे, पण मिटलेले, टाचणीच्या डोक्याएवढे. वर भरलेल्या लोंब्या. खाली रस्ता गजबजलेला, गच्चीवर मात्र एक आवाज नाही.

"बळीच्या ओळीत एखादं रोप उरायचं," काका म्हणाले. "तुम्ही साहेबलोक म्हणायचे, सगळं उपटून जाळा. सुटलेल्याला मारू नये बाई, आमच्या घरी पाप मानतात. मी डब्यात घालून इथं आणलं. त्याचंच बी पुढल्या वर्षी लावलं. वीस वर्षं जाहली." मग एका लोंबीवरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "हे सारे मरून परत आलेले."

भर दुपारी अंगावर काटा आला. त्या रोपांबरोबर रोगही दरवर्षी गच्चीवर येत होता. जे टिकेल त्याचंच बी काका राखत होते. मी पगार घेऊन जे करत होते, ते हा माणूस पापाच्या भीतीने करत होता, आणि माझ्यापेक्षा बरं. आधी मला हेवा वाटला, मग रडू आलं.

मी बी मागितलं.

"पुन्हा तिथंच नेणार? पुन्हा फवारणार?"

"हो. त्याशिवाय शेतकऱ्यापर्यंत जाणार कसं?"

 त्यांनी पाकीट भरून दिलं आणि एकेका डब्यासमोर हात जोडले.

पुढच्या चाचणीपर्यंत काका निवृत्त झाले होते, पेरणी मीच केली. त्यांच्या वाणाच्या शेजारी नक्की मरणारी एक ओळ हवी होती. मी माझं आठ वर्षांच्या मेहनतीचं बी काढलं, त्यावर 'बळी' अशी चिठ्ठी लावली आणि पेरलं. 

पंधरवड्याने माझी सगळी ओळ करपली, शेजारी काकांचं भात हिरवंगार उभं. मी एकेक रोप हाताने बाजूला करून पाहिलं. एकही उरलं नव्हतं.