सात खेडी आणि एक बातमी

माझ्या नवऱ्याच्या कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असायचे. सुट्टीवर जायचं तर एका सहकाऱ्याला लिहून द्यावं लागायचं, की हा माणूस परत येईल, नाही आला तर मी जबाबदार. दुबईत तेव्हा अशा कंपन्या बऱ्याच होत्या आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. आमच्या मराठी मंडळींनी तर त्याचंही कार्य करून टाकलं होतं. जो सही देईल त्याला सुट्टीआधी सहकुटुंब जेवायला बोलवायचं. चौदा वर्षांत मी चौदा जामीनदार जेवू घातले. कुणाला कोंबडी-वडे, कुणाला पुरणपोळी, एका पथ्यवाल्याला नुसती मुगाची खिचडी.

२००९च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं इंग्लंडला निघालो होतो. गाइडबरोबर तीन दिवस आणि सात जुनी खेडी, एवढीच सहल. बर दुबई भागातल्या एका ट्रॅव्हल एजंटने ती आम्हाला गळ्यात मारली होती. नवरा सिव्हिल इंजिनियर. राणीच्या राजवाड्याचं त्याला काही नव्हतं, पण चारशे वर्षं उभ्या असलेल्या भिंतींचे फोटो बघून तो हरखला होता. निघायच्या आधीच्या रविवारी तो पासपोर्ट शर्टाच्या खिशात घालून घरी आला.

मी विचारलं, "सही कुणी दिली? जेवायला कुणाला बोलवायचं?"

"ते आता खलास. रूल बदलला," म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून पासपोर्ट कपाटात ठेवत राहिला. एक पासपोर्ट ठेवायला माणसाला किती वेळ लागतो?

जामीनदार लागला नाही, म्हणजे या माणसाने परत यावं अशी कंपनीची इच्छाच उरलेली नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. मंदीमुळे त्याच्या साइटवरच्या क्रेन डिसेंबरपासून बंद होत्या. दुसऱ्या दिवशी मीना बझारात ब्लाऊज आणायला गेले तर त्याच्याच ऑफिसातल्या एकाची बायको भेटली. तिने भर दुकानात माझा हात धरला. "भाभी, ग्यारा लोगों का नाम आया है. आपके भी, हमारे भी. वापस आने के बाद वीसा कॅन्सल करेंगे बोले. इन्शाल्ला कुछ मिल जाएगा." मी तिला धीर दिला, ब्लाऊज घेतले आणि टॅक्सीत बसून रडले.

घरी तो चहा करत होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा. डबाही धुऊन पालथा घातलेला. आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, व्हाय इज बाबा बीइंग सो नाइस?"

माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. पण या वेळी मी विचारलं नाही. एक तर विचारलं असतं तर त्याने सहल रद्द केली असती, आणि मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू. दुसरं म्हणजे वाईट बातमी पोटात ठेवायची याची जुनी खोड. त्याच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय हे मला आठ दिवसांनी कळलं होतं, तेही दिराच्या फोनवरून. या वेळी त्याने आपणहून सांगावं, असं मी मनाशी धरलं. दुबईला परत उतरायच्या आत. नाही सांगितलं, तर मग मी याची कोण, हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागणार होता आणि त्याची मला भीती वाटत होती.

मुलीला तिच्या मैत्रिणीच्या घरी ठेवून बुधवारी निघालो.

आमच्या छोट्या बसमध्ये नऊ जण होतो. गाइड सत्तरीचा, त्याच भागातला निवृत्त पोस्टमन. प्रत्येक घरात कोण राहतं, आधी कोण राहत होतं, कुणाचा कुत्रा चावायचा, सगळं त्याला ठाऊक. खेडी खरोखर सुंदर होती. गुळाच्या ढेपेच्या रंगाचा दगड, बुटके दरवाजे, गावातून वाहणारा ओढा आणि त्यावर वीतभर पूल. इतकं हिरवं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, डोळ्यांना सवय व्हायलाच अर्धा दिवस गेला.

नवरा एकेका भिंतीवर टिचक्या मारत चालला होता. शेताच्या कडेने दगडावर दगड रचलेली, चुना-सिमेंट न लावलेली भिंत दिसली तेव्हा तर तो बसमधून उडी मारायचाच बाकी होता. "अगं, गडगा! आमच्या गावचा गडगा!" मग त्याने पोस्टमनला कोकणातला गडगा कसा रचतात ते अर्धा तास समजावलं. बसमधलं एक जपानी जोडपं त्याचे फोटो काढत होतं. मी हसत होते आणि मनात म्हणत होते, सांग रे बाबा, आता तरी सांग.

मी संधी कमी दिल्या नाहीत. ओढ्याकाठच्या बाकावर मुद्दाम गप्प बसले. त्याने बदकांना पाव घातला. चर्चमध्ये शेजारी बसून विचारलं, "ऑफिसचं काही टेन्शन नाही ना?" तो म्हणाला, "यल्ला, चल, वरची तुळई बघू." एका दुकानात त्याने मला निळी लोकरी शाल घेतली. हा माणूस साध्या चहाचेही पौंडाचे दिरहम आणि दिरहमचे रुपये करून मोठ्याने सांगतो, त्याने त्या शालीचा हिशोबच केला नाही. मला ती शाल अंगावर घेववेना.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनने सांगितलं, की ही गावं एकेकाळी लोकरीच्या व्यापारावर गब्बर होती. मग व्यापार बसला, पैसा आटला, तरणी माणसं निघून गेली. नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही, म्हणून जुनं तसंच राहिलं. "गावाचं दिवाळं निघालं, म्हणून तुम्ही आज ते बघायला आलात," तो हसून म्हणाला. नवरा हसला नाही. बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होता.

तिसऱ्या दिवशी शेवटचं, सातवं खेडं. तिथे ओळीने बारा बुटकी घरं होती. कुणा लोकरीच्या व्यापाऱ्याने ती बांधून दिली होती, हातचं काम सुटलेल्या माणसांसाठी. बाकीचे पुढे गेले. मी चपलेतला खडा काढायला एका घराच्या पायरीवर टेकले आणि उठून कोपऱ्यापर्यंत आले, तर पलीकडे नवरा आणि पोस्टमन उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

"आणि तुम्ही तिकडे काय बांधता?" पोस्टमन विचारत होता.

नवऱ्याने भिंतीवर एक टिचकी मारली. मग म्हणाला, "आय लॉस्ट माय जॉब लास्ट वीक. माय वाइफ डझन्ट नो."

पोस्टमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग मान वळली आणि त्याला मी दिसले. बिचारा गोरामोरा झाला, आणि काहीतरी पुटपुटत बाकीच्यांमागे निघून गेला.

मला भयंकर राग आला. तीन दिवसांच्या ओळखीच्या म्हाताऱ्याला सांगता येतं, आणि मला नाही! नवरा वळला. त्याचा चेहरा बघितला आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. परीक्षेचा निकाल लपवताना पकडलेल्या पोरासारखा उभा होता. त्याला ते फक्त परक्या भाषेत, परक्या माणसालाच सांगता येण्यासारखं होतं. माझ्याजवळ सांगितलं की ते खरं होणार होतं.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आता हेच मला मराठीत सांग."

त्याने माझा हात धरला.

"माझी नोकरी गेली गं," तो म्हणाला आणि त्या बारा घरांसमोर ढसाढसा रडला. मी त्याला धरून उभी होते. एका खिडकीतला पडदा हलला आणि परत जागेवर गेला.

पुढे चार महिन्यांनी त्याला दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात काम मिळालं. पगार कमी, घर लहान, पण आम्ही राहिलो. त्या सहलीची गोष्ट तो आता जेवायला आलेल्या प्रत्येकाला रंगवून सांगतो. गडगा, पोस्टमन, बारा घरं, सगळं.

"हिला काहीच कल्पना नव्हती," तो शेवटी सांगतो. "माझ्या तोंडून ऐकलं आणि मगच कळलं. हो की नाही गं?"

"तर काय," मी पाहुण्यांना भात वाढत म्हणते, "काहीसुद्धा कल्पना नव्हती."