खरवड

दादाला लिव्हर लागणार हे कळलं तेव्हा मी तिथल्या तिथे म्हटलं, माझं घ्या. आम्ही दोघंच भावंडं, रक्तगट एकच, आणि मी चांगली धडधाकट. त्यात शंका घेण्यासारखं काय होतं?

शंका डॉक्टरांना आली. माझा स्कॅन बघून त्यांनी विचारलं, "भात किती खाता?"

मला रागच आला. दादानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी विश्रांतवाडीतल्या त्याच्या सोसायटीत लिव्हरचं नाव काढलं की लोकांच्या भुवया वर जायच्या. आता माझ्याही ताटाची चौकशी! डॉक्टर मात्र शांत होते. माझ्या लिव्हरमध्येही चरबी साठली होती आणि अशा अवस्थेत त्याचा तुकडा काढणं आम्हा दोघांनाही धोक्याचं होतं. भात, पोळ्या, बटाटा, साबुदाणा, सगळ्याची शेवटी साखरच होते, ते सांगत होते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एवढी लागत नाही. उरलेल्या साखरेची चरबी होते आणि लिव्हरमध्ये मुक्काम ठोकते. मधुमेहाच्या सोबतीनं दादाचंही हळूहळू असंच झालं होतं.

"भात कमी करा, भाकरी चालेल. रोज चाला. तुमच्या भावाकडे वेळ आहे, पण फार नाही."

भात आमच्या घरी दोन्ही वेळेला. लहानपणी पातेल्याच्या तळाला लागलेली तांबूस खरवड आई दादाला वाढायची आणि तो ती गुपचूप माझ्या ताटात सरकवायचा. तो भात मी एका दिवसात सोडला. वहिनीनंही कंबर कसली. "ताई, थोडाच घ्या" म्हणत पातेलं माझ्या ताटात रिकामं करणारी ही बाई आता कर्वेनगरला माझ्याकडे डबा पाठवू लागली. ज्वारीच्या भाकऱ्या आणि पिठलं. भाकरी पथ्याची, म्हणून आम्ही दोघींनी ती कधी मोजलीच नाही. मी तीन-तीन हाणायचे, वर पुण्य केल्यासारखा चेहरा.

पुढच्या तपासणीत चरबी जवळजवळ तेवढीच. डॉक्टरांनी माझं जेवण ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"भाकरी चालेल म्हणालो होतो. भाकऱ्यांची चळत नाही."

बाहेर बाकावर बसून वहिनी रडली. दादाचे डोळे तोवर पिवळे झाले होते, पोटात पाणी होत होतं. आपल्या हातच्या भाकऱ्यांनी त्याचे दिवस वाया घालवले, असं तिला वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं. मी तिचा हात धरून बसले. मला भयंकर भीती वाटत होती.

मग डब्यात एकच भाकरी यायला लागली. बाकी उसळ, पालेभाजी, काकडी, ताक. अर्धवट भुकेनं मी सकाळ-संध्याकाळ कॅनॉल रोडनं चालायचे आणि वाटेतल्या वडापावच्या गाडीकडे पाठ करायचे. चरबी उतरली. ऑपरेशन झालं आणि आम्ही दोघंही त्यातून उठलो.

बऱ्याच महिन्यांनी दादाकडे जेवायला गेले. वहिनीनं त्या दिवशी मूठभर तांदळाचा भात केला होता. दादाचे डोळे पांढरेस्वच्छ होते, ते मी पुन्हा पुन्हा बघत होते. शेवटी वहिनीनं पातेलं खरवडलं आणि तांबूस पापुद्रा त्याच्या ताटात ठेवला. त्यानं तो मोडला, अर्धा माझ्याकडे सरकवला.



"एवढाच," तो म्हणाला. "आता दोघांत मिळून एकच लिव्हर आहे."