दादाने न मागवलेलं खोकं

सकाळी वहिनीचा फोन आला, "वन्सं, हे उठतच नाहीयेत..." मी सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या दुपारी दादा, माझा थोरला भाऊ, भर उन्हात झाशी स्टेशनवर गेला होता आणि रिकाम्या हाताने परतून न जेवताच झोपला होता. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. असेल. महिना उलटला, तरी मला राग येतो तो त्या स्टेशनच्या फेरीचाच.

दादा रेल्वेत इंजिनियर होता, आणि निवृत्तीनंतर तोही सगळ्यांसारखा फोनवरून घरबसल्या सामान मागवायचा. मग एका जूनमध्ये, ऐन लू, म्हणजे इकडचं भाजून काढणारं वारं, वाहत असताना, त्या बड्या ऑनलाइन कंपनीचा माणूस खोकं घेऊन आला आणि फाटकाशीच मटकन खाली बसला. दादाने पाणी दिलं, आत पंख्याखाली चल म्हटलं, तर तो म्हणाला, "रुक नहीं सकते बाबूजी, फोन में सब दिखता है," आणि तसाच झोकांड्या खात निघून गेला. खोक्यात काय, तर दाढीचा साबण! "साबणासाठी मी त्या माणसाला पळवला गं," दादा मला म्हणाला. त्या दिवसापासून त्याने त्या कंपनीकडून मागवणं सोडलं. मी थट्टा केली, की आता तुझ्यावाचून त्यांचा धंदा बसणार. "नाही बसला तर नाही," तो म्हणाला, "माझ्यासाठी कुणी पळायचं नाही, एवढंच."

एवढंसुद्धा त्याला जमू दिलं नाही कुणी. इलाइट चौराह्यावरच्या त्याच्या जुन्या दुकानदाराने "कल ले लेना, बाबूजी" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या खोक्यातून साबण काढून दिला.

आम्हा रेल्वेतल्या मराठी घरांची पूर्वी एक पद्धत होती. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या गाडीत ओळखीचं कुणी असलं, की आम्ही जेवणाचा डबा घेऊन फलाटावर जायचो. गाडी थांबेल तेवढ्यात डबा आत, गोड्या मसाल्याची आणि भाजणीची पिशवी बाहेर. मग ती घराघरांत वाटायची, त्या निमित्ताने जाणंयेणं राहायचं. दादाला ते पुन्हा सुरू करायचं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, कुणी गाडीने येत असेल तर कळवा, पिशवी मी उतरवून घेईन, घरपोच करीन. उत्तर एकच आलं, एका मुलीचं, "काका, क्यों परेशान होते हो, कल सुबह आ जाएगा," आणि खाली त्याच कंपनीची लिंक. दादाने ते मला दाखवलं आणि एकेका नातेवाइकाला फोन लावायला बसला.

शेवटी आमची पुण्याची मावसबहीण सुमन हो म्हणाली. ती लेकीकडे दिल्लीला निघाली होती. वहिनीने दशम्या करून दिल्या, दादा डबा घेऊन फलाटावर उभा राहिला, आणि सांगितलेल्या बोगीत भलतीच माणसं... सुमनने ऐन वेळी विमान पकडलं होतं, कळवायचं राहून गेलं. तिला तरी काय बोलायचं, आता सगळे झाशीवरून उडूनच जातात.

दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फाटकाशी कंपनीचा माणूस उभा. सुमनने चूक लक्षात येताच मसाला दादाच्या नावाने मागवून दिला होता. ओटीपी दादाच्या फोनवर आला होता, तो मीच वाचून दाखवला. परत पाठवायचं त्राण कुणात नव्हतं. तेराव्याला आमटीत तोच मसाला पडला. मंडळातली सगळी घरं कित्येक वर्षांनी एकत्र जेवली, आमटी छान झाली म्हणाली आणि आपापल्या घरी गेली. त्यानंतर कुणी फिरकलेलं नाही.

दादाचा फोन वहिनी अजून रोज सकाळी चार्जिंगला लावते. बंद पडू देत नाही. त्यावर आता फक्त कंपनीचे निरोप येतात... पार्सल कसं वाटलं, अजून काही हवं का. दादाची विचारपूस करणारं एवढंच उरलंय.